राज्य गेले, कोशिंबीर राहिली



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला दरवर्षी होते, ते भाषा शिकवायचे. स्मृतिव्याख्यानाचा विषय भारदस्त असावा अशी आपल्याकडे रीत आहे, आणि मी तर कोबीच्या कोशिंबिरीचे नाव घेऊन आपल्यापुढे उभा आहे. पण हा विषय मी विचारपूर्वक निवडला आहे. एखादे राज्य बुडाल्यावर त्याच्या भाषेचे काय होते, हा प्रश्न आपण नेहमी सनदा, तह आणि कोर्टकचेऱ्यांच्या कागदांतून सोडवू पाहतो. मला वाटते, त्याचे उत्तर स्वयंपाकघरात लवकर सापडते. ‘कोलस्लॉ’ हा शब्द त्याचा साक्षीदार आहे आणि आज त्याची साक्ष सविस्तर काढायची आहे.

कोलस्लॉ आता आपल्याला अनोळखी राहिलेला नाही. तळलेल्या कोंबडीबरोबर तो छोट्या वाटीत येतो, सँडविचमध्ये भरलेला असतो. बारीक चिरलेला कोबी, थोडे गाजर आणि त्यावर मेयोनेज. मेन्यूकार्डावर कुठे ‘कोलस्लॉ’, कुठे ‘कोलस्लो’, तर कुठे ‘कोल्ड स्लॉ’ असे छापलेले असते. हे शेवटचे रूप पाहून जाणती माणसे हसतात. मी मात्र आज त्याच रूपाची बाजू घेणार आहे.

आधी शब्दाची फोड करू. मूळ शब्द डच, ‘कोलस्ला’. त्यातला ‘कोल’ म्हणजे कोबी. ‘स्ला’ म्हणजे ‘सलादे’, अर्थात सॅलड. बोलताना ‘सलादे’मधला ‘द’ आधी गळला, मग पहिला ‘अ’ही गेला आणि उरले ‘स्ला’. आजच्या हॉलंडमध्ये ‘स्ला’ म्हटले की बहुधा लेट्यूसची पाने डोळ्यांपुढे येतात. ‘सलादे’ फ्रेंचांकडून आला, आणि त्याच्या मुळाशी लॅटिन ‘साल’ म्हणजे मीठ आहे. सॅलड म्हणजे मीठ लावलेले. इतकी साधी ही फोड. पण शब्द नुसता फोडून त्याचा प्रवास कळत नाही. हा डच शब्द इंग्रजीत शिरला तो लंडनमध्ये नव्हे, अमेरिकेत. आणि तिथे तो टिकला तेव्हा तिथले डचांचे राज्य केव्हाच संपले होते.

1609 मध्ये हेन्री हडसन हा इंग्रज कप्तान डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असताना, आज त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नदीत शिरला. आशियाकडे जाणारी वाट शोधत तो निघाला होता. वाट काही सापडली नाही, पण डचांना मुलूख सापडला. 1624 पासून तिथे वसाहत सुरू झाली. नदीच्या वरच्या अंगाला फोर्ट ऑरेंज, मुखाशी मॅनहॅटन बेटावर न्यू ॲमस्टरडॅम, आणि सगळ्या प्रदेशाचे नाव न्यू नेदरलँड. ॲड्रियान फान डर डोंक नावाच्या वकिलाने 1655 मध्ये या प्रदेशाचे वर्णन करणारे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात नद्या, जनावरे, मूळ रहिवासी यांच्याबरोबर परसातल्या भाज्यांचीही नोंद आहे आणि त्या भाज्यांत कोबी आहे. माणसे समुद्र ओलांडून गेली ती बियाण्याच्या पुड्या घेऊनच गेली.

1664 मध्ये इंग्रजांच्या युद्धनौका आल्या आणि गव्हर्नर पीटर स्टायव्हेसंट याने न लढता शहर हवाली केले. न्यू ॲमस्टरडॅमचे न्यूयॉर्क झाले, फोर्ट ऑरेंजजवळच्या बेव्हरवाइक गावाचे ऑल्बनी झाले. 1673 मध्ये डचांनी ते परत जिंकले, पण 1674 च्या तहाने कायमचे गमावले. म्हणजे चाळीसएक वर्षांचा कारभार. राजकीय इतिहासात याला दोन पाने पुरतात.

भाषेच्या इतिहासात मात्र त्यानंतरची दोन-अडीचशे वर्षे मोजावी लागतात. शरणागतीच्या अटींत डचांना त्यांचा धर्म आणि वारसाहक्काच्या रूढी पाळायची मुभा होती. घरे तीच राहिली, माणसे तीच राहिली. न्यूयॉर्कच्या डच चर्चमध्ये इंग्रजीतून प्रवचन करणारा पहिला पाद्री नेमला गेला तो 1764 मध्ये, इंग्रजांनी शहर घेतल्याला बरोबर शंभर वर्षे झाल्यावर. मार्टिन व्हॅन ब्यूरन हा अमेरिकेचा आठवा अध्यक्ष 1782 मध्ये हडसनकाठच्या किंडरहुक गावात जन्मला. त्याची मातृभाषा डच होती. मातृभाषा इंग्रजी नसलेला तो अमेरिकेचा एकमेव अध्यक्ष.

पण मला अध्यक्षांपेक्षा दुसऱ्या एका डचभाषक व्यक्तीची गोष्ट महत्त्वाची वाटते. सोजर्नर ट्रुथ हे नाव गुलामगिरीविरुद्धच्या आणि स्त्रियांच्या हक्कांच्या चळवळीमुळे जगाला माहीत आहे. ती 1797 च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या अल्स्टर परगण्यात, डच मालकाच्या घरी गुलाम म्हणूनच जन्मली. तेव्हा तिचे नाव इझाबेला. तिला फक्त डच येत होते. नऊएक वर्षांची असताना मेंढरांच्या कळपाबरोबर तिचा लिलाव झाला आणि ती इंग्रजी बोलणाऱ्या घरात गेली. मालकीण काय सांगते ते तिला कळेना. 1850 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात ती सांगते की, तळणीचा तवा आणायला सांगितला तर ती चुलीवर भांडे टांगायचे आकडे घेऊन यायची. त्याबद्दल मार मिळायचा.

श्रोतेहो, या प्रसंगापाशी थोडे थांबावेसे वाटते. दोन भाषा एकमेकींना भेटतात असे आपण किती सहज म्हणून जातो. त्या भेटतात त्या अशा, चुलीपाशी, तव्याच्या आणि आकड्याच्या नावावरून, आणि न समजल्याची किंमत एक लहान मुलगी पाठीवर मोजते. हडसनच्या खोऱ्यातल्या डच घरांमध्ये गुलाम राबत होते. त्या स्वयंपाकघरांत कोबी चिरणारे हात कितीदा गोऱ्या मालकिणीचे नसतील. कोलस्लॉ, कुकी, वॉफल, क्रुलर हे सगळे शब्द डच घरांतून अमेरिकन इंग्रजीत आले असे कोश सांगतात आणि ते खरेच आहे. त्या घरांत ही मुलगीही होती, हे कोशाच्या नोंदीत मावत नाही.

आता त्या स्वयंपाकघरात प्रत्यक्ष डोकावता येईल असा एक कागद आपल्याकडे आहे. पेर काल्म हा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसचा शिष्य. स्वीडनच्या विज्ञान अकादमीने त्याला उत्तर अमेरिकेतल्या वनस्पतींचा शोध घ्यायला पाठवले. 1748 ते 1751 या काळात तो तिथे हिंडला. ‘काल्मिया’ या झुडपाच्या कुळाला लिनियसने त्याचेच नाव दिले आहे. 1749 मध्ये तो ऑल्बनीला एका डच बाईच्या घरी उतरला होता. तिथे तिने त्याला एक निराळीच कोशिंबीर वाढली आणि निसर्गशास्त्रज्ञाच्या सवयीने त्याने ती जशी पाहिली तशी उतरवून ठेवली.

बाईने कोबीच्या गड्ड्याची बाहेरची पाने काढून टाकली. आतली पाने लांब, बारीक चिरली. काल्मने पट्ट्यांची रुंदीसुद्धा दिली आहे, इंचाचा बारावा ते सहावा हिस्सा, म्हणजे सुमारे 2 ते 4 मिलिमीटर. पुरेसा कोबी चिरून झाल्यावर तो ताटात घेतला, वर तेल आणि व्हिनेगर ओतले, मीठ आणि मिरपूड घातली आणि सगळे नीट कालवले. झाली कोशिंबीर. तेल नसेल तर वितळलेले लोणी वापरतात, ते भांड्यात गरम ठेवतात आणि वाढल्यावर वरून ओततात, असेही त्याने लिहिले आहे. चव त्याच्या कल्पनेपेक्षा चांगली निघाली.

आपल्या कोबीच्या पचडीवर खमंग फोडणी ओततात, तसाच हा प्रकार. मेयोनेजचा पत्ता नाही, साखर नाही, गाजरही नाही. कच्चा कोबी, आंबट, खारट आणि वरून गरम स्निग्ध काहीतरी. शब्दाच्या पुढच्या कथेसाठी हे गरम लोणी लक्षात ठेवावे लागेल.

छापील इंग्रजीत हा शब्द अठराव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागतो. 1794 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या एका वृत्तपत्रात तो आला आहे, डच लोक असे म्हणतात या पुस्तीसह. आणि नोंद घेण्याजोगी गोष्ट ही की, तिथेच तो ‘कोल्ड स्लॉ’ असा आहे. ज्या रूपाला आज आपण चूक म्हणतो, ते छापील इंग्रजीत इतके जुने आहे. दोन वर्षांनी, 1796 मध्ये, हार्टफर्डला अमेलिया सिमन्सचे ‘अमेरिकन कुकरी’ निघाले. अमेरिकन व्यक्तीने लिहून अमेरिकेत छापलेले हे पाककृतींचे पहिले पुस्तक. मुखपृष्ठावर लेखिकेने स्वतःची ओळख ‘एक अमेरिकन अनाथ’ एवढीच दिली आहे. कोबीचे प्रकार सांगताना ती म्हणते की, लालभडक, लहान, घट्ट गड्डे स्लॉसाठी उत्तम, कारण शिजवले तर ते काळेनिळे पडतात आणि सोबतच्या जिन्नसांनाही रंग लावतात. ‘स्लॉ’ म्हणजे काय हे ती समजावून सांगत नाही. तिच्या वाचकिणींना ते ठाऊकच होते. ‘कुकी’ हा शब्दही याच पुस्तकात आहे. त्याच वर्षी पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली ती ऑल्बनीत, म्हणजे काल्मने ती कोशिंबीर खाल्ली त्या गावात.

मग ‘कोल’चे ‘कोल्ड’ झाले कसे? यात दोन गोष्टी एकत्र आल्या.

पहिली तोंडाची. आपण सगळ्यांनी ‘कोल-स्ला’ असे घाईत चार वेळा म्हणून पाहावे. ‘ल’ म्हणताना जिभेचे टोक वर टेकलेले असते आणि दोन्ही कडांनी हवा जाते. तिथून थेट ‘स’वर उडी मारताना क्षणभर हवा अडते आणि मध्ये हलकासा ‘ट’ किंवा ‘ड’ ऐकू येतो. उलट, ‘कोल्ड स्लॉ’ घाईत म्हटले तर ‘ड’ जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे जेवणाच्या टेबलावर, भरल्या तोंडाने, ही दोन्ही रूपे एकसारखीच निघतात. ऐकणाऱ्याने काय ऐकायचे हे त्याच्या कानावर नाही, त्याला माहीत असलेल्या शब्दांवर अवलंबून.

दुसरी गोष्ट त्या माहीत असलेल्या शब्दांची. इंग्रजीला कोबीसाठी स्वतःचा ‘कोल’ होता, लॅटिनमधून फार पूर्वी घेतलेला. आज हॉटेलांत महाग मिळणारा ‘केल’ हा त्याचाच उत्तरेकडचा, स्कॉटिश वळणाचा भाऊ. पण अठराव्या शतकात बोलीतला हा ‘कोल’ मागे पडला होता, रोजच्या व्यवहारात ‘कॅबेज’ होते. तेव्हा अमेरिकन इंग्रज माणसाला ‘कोल’ म्हटले तर दगडी कोळसा आठवणार, कोबी नव्हे. समोर ताटात थंड, न शिजवलेली भाजी. त्याने ‘कोल्ड’ ऐकले यात त्याचा काय दोष? उपलब्ध पुराव्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष अगदी रास्त होता.

भाषाशास्त्रात याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. ही संज्ञा जर्मन अभ्यासक एर्न्स्ट फोर्स्टेमान याने 1852 मध्ये रूढ केली. दुर्दैवाने ‘लोक’ या शब्दाचा अर्थ तेव्हापासून ‘अडाणी लोक’ असा घेतला जातो. मी तो तसा घेत नाही. परका शब्द जसाच्या तसा पोपटासारखा म्हणणे सोपे असते. त्याचा अर्थ लावायचा प्रयत्न करणे, तो आपल्या भाषेच्या नात्यागोत्यात बसवणे, हे कष्टाचे काम आहे आणि ते शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसांनी केले.

अर्थ लावल्याचा पुरावाही त्यांनीच मागे ठेवला आहे. ‘कोल्ड स्लॉ’ आहे म्हणजे ‘हॉट स्लॉ’ही असणार, या न्यायाने एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन पाकपुस्तकांत ही जोडी मांडून बसलेली दिसते. फिलाडेल्फियाच्या एलायझा लेस्ली यांच्या 1837 च्या पुस्तकात ‘कोल्ड स्लॉ’ आहे आणि ‘वॉर्म स्लॉ’ही. योगायोगाने त्याच वर्षी व्हॅन ब्यूरन अध्यक्ष झाला. ज्याच्या घरची भाषा डच, तो व्हाइट हाउसमध्ये राहायला गेला, आणि त्याच्या भाषेतला कोबी इंग्रजीत थंड आणि गरम असा दोन वाटांनी चालू लागला होता.

काही अभ्यासक ‘हॉट स्लॉ’ला निव्वळ चुकीतून जन्मलेली चूक मानतात. मला ते पटत नाही. काल्मच्या नोंदीतले गरम लोणी आठवा. मुळात ही कोशिंबीर ऊनऊन लोणी ओतूनही खाल्ली जात होतीच. जर्मन वसाहतवाल्यांकडेही डुकराच्या चरबीच्या परतलेल्या तुकड्यांसह गरम व्हिनेगर ओतलेली कोबीची कोशिंबीर होती. म्हणजे पदार्थ दोन तऱ्हांचा आधीपासून होता, फक्त त्यांना वेगळी नावे नव्हती. ‘कोल’चे ‘कोल्ड’ झाल्यामुळे दोन्ही तऱ्हांना नावे मिळाली. शब्दाने पदार्थ बिघडवला नाही, उलट त्यातला एक खरा फरक बोलून दाखवला. मला तर ही भाषेची कमाई वाटते.

पुढे शिकलेल्या लोकांनी शब्द ‘सुधारला’. कोशकारांनी डच मूळ दाखवून दिले आणि एकोणिसाव्या शतकात ‘कोल’ हळूहळू परत आला. 1896 च्या फॅनी फार्मर यांच्या प्रसिद्ध बॉस्टन पाकपुस्तकात पाहा. तिथे ‘कोल-स्लॉ’ आहे, मध्ये रेघ देऊन. लहान पण जड गड्डा घ्या, पातळ चिरा, थंड पाण्यात घालून कुरकुरीत करा, फडक्यात कोरडा करा आणि सायीच्या ड्रेसिंगमध्ये कालवा. आणि त्याच पुस्तकात ‘हॉट स्लॉ’ही सुखाने नांदतो आहे, अंड्याचा बलक, लोणी आणि गरम व्हिनेगरच्या दाट रसात. ‘कोल्ड’ गेला तरी ‘हॉट’ राहिला. शुद्धीकरण करणाऱ्यांना अर्धेच यश आले याचा मला आनंद आहे.

आता थोडे घरी येऊ. लोकव्युत्पत्ती ही काही अमेरिकेची मक्तेदारी नाही. पाव पायाने मळतात म्हणून तो पाव, असे सांगणारे आपल्यापैकी कितीतरी असतील. तो पोर्तुगीज ‘पाँव’, नुसता ब्रेड. इंग्रज शिपायांनी मोहरमच्या मिरवणुकीतला ‘या हसन, या हुसेन’ हा शोक ऐकला आणि त्याचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ केला. यूल आणि बर्नेल यांनी 1886 मधल्या आपल्या कोशाला तेच नाव दिले.

पण कोलस्लॉचा सख्खा नातेवाईक आपल्या मंडईत बसला आहे आणि त्याच्याकडे आपले लक्ष जात नाही. तो म्हणजे नवलकोल.

जमिनीच्या वर गोल फुगलेल्या देठाची ही भाजी. इंग्रजीत तिला जर्मन वळणाने ‘कोलराबी’ म्हणतात. पण हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बागांत आणि बियाण्यांच्या याद्यांत तिचे नाव ‘नोल-खोल’ असे होते, आजही आहे. हे डच ‘क्नोलकोल’. ‘क्नोल’ म्हणजे कंद किंवा गाठ आणि ‘कोल’ म्हणजे तोच, कोलस्लॉमधला कोबी. मराठीने यातल्या ‘नोल’चे ‘नवल’ केले. कानडीने ‘नविलुकोसु’ केले, तिथे ‘नविलु’ म्हणजे मोर, मोरकोबी. तमिळने ‘नूलकोल’ केले, तिथे ‘नूल’ म्हणजे सूत आणि ‘कोल’ म्हणजे काठी. श्रीलंकेचा किनारा 1658 ते 1796 डचांच्या ताब्यात होता, तिथे सिंहलीत ती ‘नोकोल’. एकच डच शब्द. मराठी माणसाला त्यात नवल दिसले, कन्नडिगाला मोर दिसला, तमिळ माणसाला सुताची काठी. न्यूयॉर्कच्या माणसाला ‘कोल’मध्ये थंडी जाणवली, त्यात आणि यात मला काहीच फरक दिसत नाही.

इथे एक सावधगिरी. कोकणात डचांची वखार होती. वेंगुर्ल्याला 1637 मध्ये त्यांनी ती स्थापली आणि तिचे पडके अवशेष आजही उभे आहेत. त्यामुळे नवलकोल वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरला असे सांगायचा मोह होतो. तो मी आवरतो. शब्दाची वाट इंग्रजी बागकामातल्या ‘नोल-खोल’वरून येते असे दिसते, आणि दिसते तेवढेच बोलावे.

‘कोबी’चे मूळ मात्र याहून स्पष्ट आहे. तो पोर्तुगीज ‘कोव्ह’ या शब्दावरून आला. मोन्सिन्योर सेबास्तियाँव रोदोल्फो दाल्गादो या गोमंतकीय पंडिताने आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांचा मोठा ग्रंथ 1913 मध्ये प्रसिद्ध केला, बटाट्यापासून चावीपर्यंत आपले कितीतरी शब्द त्याने मुळाशी नेऊन भिडवले. सिंहलीतला ‘गोवा’ म्हणजे कोबी, तोही या ‘कोव्ह’चाच. आणि ‘कोव्ह’ लॅटिन ‘काउलिस’वरून आलेला. डच ‘कोल’ही त्याच ‘काउलिस’वरून. म्हणजे मराठी घरात ‘कोबीची भाजी’ म्हणतो तेव्हा एक शब्द लिस्बनहून गोव्यामार्गे आलेला असतो, ‘नवलकोल’ म्हणतो तेव्हा दुसरा डचांकडून आलेला असतो, आणि ‘कोलस्लॉ’ म्हणतो तेव्हा तिसरा ॲमस्टरडॅमहून न्यूयॉर्कला वळसा घालून आलेला असतो. तिघांचे मूळ एक.

‘काउलिस’चा लॅटिनमधला मूळ अर्थ कोबी नव्हे. अर्थ आहे देठ, दांडा. रानकोबी युरोपच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या कड्यांवर उगवतो, त्याला गड्डा नसतो, सुटी पाने आणि दांडा असतो. माणसाने त्याच एका जातीतून कुठे पान वाढवले, तेव्हा केल झाला. कुठे शेंडा मिटवला, तेव्हा कोबी झाला. कुठे फूल दाट केले, तेव्हा फुलकोबी आणि ब्रोकोली. कुठे देठ फुगवला, तो नवलकोल. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हे सगळे ब्रासिका ओलेरासिया, एकच जात.

कोलस्लॉ रोमन लोकांनी शोधला असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. कच्चा कोबी व्हिनेगरबरोबर खायला सांगणारा रोमन होता हे खरे. कॅटो. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातल्या त्याच्या शेतीवरच्या ग्रंथात कोबीचे माहात्म्य पानेच्या पाने चालले आहे, मेजवानीत भरपूर प्यायचे असेल तर आधी कच्चा कोबी व्हिनेगर घालून खा असा सल्लाही त्यात आहे. पण त्यावरून कोलस्लॉ रोमन ठरत नाही. कोबी चिरून त्यावर आंबट ओतण्याची कल्पना कोणालाही, कुठेही सुचेल. पदार्थाला जन्मदाखला शोधू नये. शब्दाला मात्र तो असतो, आणि या शब्दाचा हडसनच्या खोऱ्यातला आहे.

राहिले मेयोनेज. ते बरेच नंतरचे. रिचर्ड हेलमान या जर्मन स्थलांतरिताने 1905 मध्ये न्यूयॉर्कला खाद्यपदार्थांचे दुकान काढले आणि काही वर्षांत तिथे केलेले मेयोनेज बाटल्यांत भरून विकू लागला. घरोघरी तयार बाटली आल्यावर तेल-व्हिनेगर मागे पडले आणि कोलस्लॉ पांढरा, गोडसर, गुळगुळीत झाला. आपल्याकडे पोहोचला तो हाच. मला विचाराल तर ऑल्बनीच्या बाईचा कोलस्लॉ याहून चांगला होता.

डच भाषेचे पुढे काय झाले? न्यू जर्सीत बर्गन परगण्याच्या शेतकऱ्यांत ती विसाव्या शतकापर्यंत कशीबशी तग धरून होती. जॉन डायनली प्रिन्स यांनी 1910 मध्ये या ‘जर्सी डच’ बोलीचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा ती बोलणारी थोडी म्हातारी माणसेच उरली होती. ती गेली आणि अमेरिकेतले हे डच संपले.

त्याच काळात ‘स्लॉ’ मात्र डचांचे नावही न ऐकलेल्या मुलखात पसरत होता. नॉर्थ कॅरोलायनातल्या लेक्सिंग्टनला भाजलेल्या डुकराच्या मांसाबरोबर लाल स्लॉ वाढतात, मेयोनेजऐवजी टोमॅटो केचप आणि व्हिनेगर घातलेला. वेस्ट व्हर्जिनियात तो हॉट डॉगवर घालतात. ‘कोल’ची साथ सुटून ‘स्लॉ’ स्वतंत्र झाला, आणि त्याचा अर्थ ‘सॅलड’ असा न राहता ‘उभे बारीक चिरून आंबटात कालवलेले काहीही’ असा झाला. सफरचंदाचा स्लॉ असतो, गाजराचा असतो. अमेरिकन दुकानांत तयार पिशवीत मिळणारा ब्रोकोली स्लॉ तर ब्रोकोलीच्या तुऱ्यांचा नसतोच. तुरे वेगळे विकले जातात आणि खाली उरलेला जाड दांडा किसून त्याचा स्लॉ करतात. त्या पिशवीवर ‘कोल’ हा शब्द कुठेही नसतो. आत असतो तो ब्रासिका ओलेरासियाचा देठ, लॅटिनमध्ये ज्याला काउलिस म्हणायचे तोच.